दोन गाड्या, एक मडकं

शाळांना नाताळची सुट्टी लागली की माझ्या सासूबाई अलिबागकडच्या आमच्या गावाहून एक मडकं घेऊन अमिरातीत येतात. साधं, मातीचं, पोपटीचं मडकं. ते त्या विमानात मांडीवर घेऊन बसतात, कारण बॅगेत टाकलं तर फुटेल आणि वरच्या कप्प्यात ठेवलं तर दुसऱ्याचं सामान त्यावर आदळेल. हवाईसुंदरीशी दर वेळी वाद होतो आणि दर वेळी सासूबाईच जिंकतात, कारण त्या मराठीत बोलतात आणि थांबत नाहीत. मडकं इथे शारजातल्या कुठल्याही नर्सरीत मिळतं, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा सांगितलं नाही.

पोपटी म्हणजे आमच्या सासरचा थंडीतला बेत. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. घराण्याची रीत अशी की जाळ मोठ्या मुलानं लावायचा आणि वरून पाणी शिंपडून पोपटी झाली की नाही हे धाकट्यानं ठरवायचं. पाणी चर्रकन आटलं की झाली. दोघांपैकी एक नसेल तर पोपटी लावायचीच नाही. थंडी असलीच पाहिजे अशी अट मात्र नाही, आणि ते बरंच आहे, कारण अजमानमध्ये थंडी म्हणजे एसी बंद करून झोपता येणं.

मोठा मुलगा म्हणजे माझे भाऊजी. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मॅनेजर. धाकटा माझा नवरा. राहतो अजमानला, ऑफिस दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग रस्त्यावरच जातो आणि रस्त्याविषयी त्याला फार मतं आहेत. भाऊजींनाही आहेत. तिथेच सगळं बिनसलं.

गेल्या खेपेला पोपटी लावायला डोंगरांकडे निघालो तेव्हा भाऊजींची गाडी पुढे होती. मोठा पुढे, धाकटा मागे, हीही रीतच. भाऊजींनी वळण चुकवलं आणि ते चुकलं हे काही केल्या मानलं नाही. आम्ही मुकाट मागे, थेट ओमानच्या सीमेपर्यंत. पासपोर्ट कुणाकडेच नव्हते, मडकं होतं. चौकीवरच्या माणसानं मडक्यात डोकावून पाहिलं, पाल्याचा वास घेतला आणि काही न बोलता परतीचा रस्ता दाखवला. परत येताना माझ्या नवऱ्यानं भाऊजींच्या मागून लाइट मारले, हॉर्न वाजवला आणि ओव्हरटेक करून पुढे निघून गेला. झालं. धाकट्यानं मला हॉर्न मारला, असं भाऊजी. त्यानं आम्हाला परदेशात नेलं, असं नवरा. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही दोघी जावा रोज फोनवर बोलतो, पण आमच्या बोलण्याला या घरात कोण विचारतो?

या खेपेला सासूबाई उतरल्या त्याच मुळी गुडघ्यांची तक्रार घेऊन. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्या घरी जमले. माझ्या लेकीनं प्लास्टिकचं झाड मांडलं होतं, त्याला दिवाळीचंच तोरण आणि दिवाळीच्याच माळा, कारण त्या उतरवायचा मला कंटाळा आला होता. त्या झाडाखाली बसून सासूबाईंनी जाहीर केलं की आता हे शेवटचं. पुढच्या वर्षी विमान नाही, मडकं नाही.

"तुमचं दोघांचं बोलणं एकदा माझ्या कानावर पडू दे," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी सुटले."

दोघेही टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

जेवताना तर कहर. भाऊजींना चटणी हवी होती आणि ती नवऱ्यासमोर होती. ते सासूबाईंना म्हणाले, आई, चटणी असेल तर बघ. सासूबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. मग माझी लेक बाबाला म्हणाली, "पापा, काका वॉन्ट्स द चटणी." नवऱ्यानं चटणी लेकीकडे दिली, लेकीनं काकाला दिली, काकांनी लेकीला थँक्यू म्हटलं. मला हसूही येत होतं आणि दोघांच्या डोक्यात चटणी ओतावीशीही वाटत होती.

खरा पेच पुढेच होता. सकाळी रास अल खैमाच्या डोंगरांकडे निघायचं, तर पुढे कोण? भाऊजी म्हणाले (जाऊबाईंना), मी यंदा मागेच राहणार, ज्याला रस्ते कळतात त्यानं जावं. नवरा म्हणाला (मला), मी पुढे गेलो तर पुन्हा म्हणतील धाकट्यानं ओव्हरटेक केलं, मी मागेच बरा. रात्रभर आम्ही दोघींनी दोन्हीकडे विनवण्या केल्या. शेवटी एवढंच ठरलं की सासूबाई पेट्रोल पंपापर्यंत भाऊजींच्या गाडीत बसतील आणि पंपापासून पुढे आमच्या. समान वाटणी. पुढे कोण, ते रस्त्यावर बघू.

रस्त्यावर काय दिसलं ते मी कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. दोघांनाही मागे राहायचं होतं. भाऊजी हळू झाले की नवरा हळू व्हायचा. नवरा आणखी हळू झाला की भाऊजी त्याहून. एमिरेट्स रोडवर शेजारशेजारच्या लेनमध्ये आमच्या दोन गाड्या गोगलगायीसारख्या चालल्या होत्या आणि मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. भाऊजींच्या गाडीच्या टपावर त्यांनी स्वतः वेल्डिंग करून आणलेला पायांचा लोखंडी ट्रे बांधलेला, कारण वाळूवर थेट जाळ करायला इथे मनाई आहे. त्या ट्रेवर एक आख्खा उंट मावला असता. आमच्या मागच्या सीटवर पेंढ्याची पोती आणि मध्ये अंग चोरून बसलेली लेक. भाऊजींच्या खिडकीत सासूबाई, मांडीवर मडकं, नजर समोर. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

पंपावर सगळे उतरलो. सासूबाई मडकं घेऊन बाथरूमकडे गेल्या. मी आणि लेक चहा आणायला. परत आलो तर सासूबाई आमच्या गाडीत नाहीत. भाऊजींच्या गाडीच्या काळ्या काचेतून मागच्या सीटवर सासूबाईंच्या शालीचा ढीग दिसत होता.

"ठेवून घेतलं आईला," नवरा म्हणाला. "मला माहीतच होतं."

मी म्हटलं, ताईंना (जाऊबाईंना) मेसेज करून विचारते. तर म्हणाला, मुळीच विचारू नकोस, विचारलं की त्यांना वाटेल आपण भांडायला आलो. मलाही जाऊबाईंचा राग आला होता. ठरलेली वाटणी मोडायची म्हणजे काय? मी फोन पर्समध्ये टाकला आणि चहा प्यायले. तिकडे जाऊबाईंच्या मते सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. सासूबाई आता धाकट्याकडे. तिकडेही कुणी विचारलं नाही.

हायवे सोडला आणि डोंगरांच्या अलीकडे एक गोल चौक आला. मोकळा, मधोमध खजुराची झाडं, भोवती वाळू. दोन्ही गाड्या आत शिरल्या. भाऊजींनी वळण घेतलं नाही, कारण आम्ही घेऊ मग ते मागून येतील. नवऱ्यानं घेतलं नाही, कारण ते घेतील मग आपण. आम्ही फिरत राहिलो. भाऊजी आमच्या मागे होते की आम्ही त्यांच्या, हे सांगणं आता अशक्य झालं होतं आणि बहुतेक दोघांचंही समाधान होत होतं. समोरून जाऊबाईंचा चेहरा यायचा आणि जायचा. त्या मला हातानं काहीतरी विचारत होत्या, मी खांदे उडवत होते.

"पापा, वी आर इन अ लूप," लेक म्हणाली.

बकऱ्या भरलेली एक पिकअप चौकाच्या तोंडाशी थांबली. आतला म्हातारा अरब बराच वेळ बघत राहिला. मग खाली उतरला, हातातली काठी आडवी धरली आणि सरळ आमच्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही गाड्या थांबल्या. त्यानं हिंदीत विचारलं, क्या चीज गिर गया? नवरा म्हणाला, कुछ नहीं. म्हाताऱ्यानं दोन्ही गाड्यांकडे पाहिलं, "खलास, यल्ला" (बस झालं, निघा) म्हणाला आणि बकऱ्यांकडे परत गेला.

एका परक्या माणसासमोर शोभा झाल्यावर नवऱ्याला काय सुचलं कोण जाणे, तो उतरला आणि तरातरा भाऊजींच्या गाडीकडे निघाला, आईला सांगायला, की त्याला सांग पुढे हो. नेमके त्याच वेळी भाऊजी उतरून आमच्या गाडीकडे निघाले, आईला सांगायला, की त्याला सांग पुढे हो. चौकाच्या मध्ये दोघे भाऊ एकमेकांना ओलांडून गेले, मानही वर केली नाही. यानं त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडलं, त्यांनी आमचं. आमच्याकडे पेंढा आणि माझी लेक. त्यांच्याकडे शाल आणि चादरी.

दोघे तिथूनच वळले.

"आई कुठेय?" दोघांच्याही तोंडून एकदमच आलं.

सबंध वर्षानंतरचे पहिले शब्द. ऐकायला सासूबाई तेवढ्या नव्हत्या.

मग जे झालं त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. नवऱ्यानं फोन लावला, वाजत राहिला, उचलला नाही. जाऊबाई रडायला लागल्या.  दोघे भाऊ भाऊजींच्या गाडीत बसले आणि निघाले. जाऊबाईंना मी आमच्या गाडीत ओढलं, मी स्टिअरिंगवर, आणि आम्ही मागे. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. एवढा मोठा रस्ता, एवढे ट्रक, गुडघे धड चालत नाहीत, भाषा येत नाही. जाऊबाई म्हणाल्या, अगं मला वाटलं तुमच्याकडे. मी म्हटलं, मला वाटलं तुमच्याकडे. हे आम्ही किती वेळा म्हणालो कोण जाणे. शेवटी लेकच ओरडली, "स्टॉप सेइंग दॅट." मग गप्प बसलो.

पंपाच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. उन्हात, नीटनेटक्या, पदर खांद्यावरून घेतलेला. मांडीवर मडकं. दुकानातली फिलिपिनो पोरगी सांताक्लॉजची लाल टोपी घालून गिऱ्हाइकांना गोळ्या वाटत होती, तिनं यांच्याही मडक्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक गोळी टाकली होती. गोळीच्या शेजारी काही नाणी होती.

भाऊजींनी मडक्यात पाहिलं आणि ते एकेक नाणं बाहेर काढायला लागले.

"मी नको नको म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या, "पण लोकांना मराठी कळत नाही."

नवऱ्यानं विचारलं, आई, तू फोन का नाही उचललास, हाक का नाही मारलीस. त्याचा आवाज चढला होता, तो घाबरला की चढतो. सासूबाईंनी आधी मडकं खाली ठेवलं. मग आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन्ही गाड्या माझ्यासमोरून गेल्या," त्या म्हणाल्या. "हाक मारली असती तर थांबलाच असतात. म्हटलं, नको. त्याला वाटतंय मी तुझ्याकडे आहे, तुला वाटतंय मी त्याच्याकडे. आता गुडघे गेलेत, वर्षभर गावात एकटी असते तेव्हाही असंच चालू असतं ना रे?"

  गेले कित्येक महिने गावाला फोन करायचा राहिला की मी स्वतःशी म्हणत असे, ताईंनी केला असेल. मला तिथे उभं राहवेना.

पुढचं सासूबाईंनीच ठरवलं. आमची गाडी पंपावरच लावली आणि सगळे भाऊजींच्या मोठ्या गाडीत बसलो. भाऊजी आपली गाडी कुणाला चालवू देत नाहीत, पण या वेळी त्यांनी चावी मुकाट माझ्या हातात ठेवली. सासूबाई माझ्या शेजारी पुढे. जाऊबाई आणि लेक सगळ्यात मागे, पेंढ्यासकट. मधल्या सीटवर दोघे भाऊ आणि दोघांच्या मध्ये मडकं, अर्धं याच्या मांडीवर, अर्धं त्याच्या.

पुन्हा तोच गोल चौक आला. मी आत शिरले आणि नवरा म्हणाला, डावीकडे. भाऊजी म्हणाले, अरे डावीकडे काय, सरळ. नवरा म्हणाला, दादा, तू सरळ म्हणालास की ओमान येतं. भाऊजी म्हणाले, ओमान आलं ते तुझ्या हॉर्ननं माझं डोकं फिरलं म्हणून. नवरा म्हणाला, हॉर्न परत येताना मारला, आधी नाही. मग जे सुरू झालं ते थांबेना. दोघे एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते, मडकं हिंदकळत होतं आणि त्यातली गोळी खडखडत होती. मला रस्ता कुणीच धड सांगत नव्हतं, म्हणून मी पुन्हा एक फेरी मारली.

मी कडेनं सासूबाईंकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, दमल्या, झोप लागली असेल, या दोघांना गप्प करावं. तेवढ्यात त्यांचा हात हळूच खिडकीच्या बटणाकडे गेला. बाहेरून वाऱ्याचा आवाज येत होता. त्यांनी काच वर घेतली, पूर्ण, आणि मान जराशी मागच्या सीटकडे वळवून ऐकत राहिल्या.