सोमवारची डोकेदुखी

परळ-भोईवाड्यात कुणाचं डोकं दुखणार असलं, तर आमच्या खानावळवाल्या मावशी आधी पोचतात आणि दुखणं मागाहून येतं. त्यांच्याकडे डोकेदुखीच्या जाती ठरलेल्या. कपाळ दुखलं तर ऊन, कानशिलं ठणकली तर मोबाइल, मागची बाजू दुखली तर बायको. एका मेंबरची नेमकी मागची बाजू दुखायची आणि तो बिनलग्नाचा. मावशी शांतपणे म्हणाल्या, "होणारी असेल." उपाय मात्र सगळ्यांना एकच, सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा लेप. "मावशी, भाजतंय!" असं कुणी ओरडलं की म्हणायच्या, "भाजतंय ना? म्हणजे दुखणं घाबरलं." तो लेप लावूनच मी टॉवरमध्ये साफसफाईला जायचो. लिफ्टमध्ये एका मॅडमनी माझ्याकडे प्रसाद मागितला होता.

मी नांदेडकडचा, आठवीत शाळा सुटलेला. दर सोमवारी सकाळी माझं डोकं असं ठणकायचं की बादली उचलताना अंधारी यायची. आत गाठ असेल, नोकरी जाईल, गावी परतावं लागेल, याच धास्तीत असायचो. मावशींनी लेप लावला, मीठ-मोहरीने दृष्टही काढली. सोमवारी त्यांचंही डोकं फडक्याने आवळलेलं असायचं. "तुमची दुखणी उतरवते, ती जाणार कुठे?" म्हणायच्या.

शेवटी इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि विचारलं, "रविवारी रात्री काय जेवता?"

"काही नाही. खानावळ बंद असते."

"मग जेवत जा."

गाठ नाही याचा आनंद जिन्यापर्यंतच टिकला. आता मावशींना कसं सांगायचं, की तुमची सुट्टी हेच माझं दुखणं? रागावल्या तर? या शहरात 'अजून भात घे' म्हणणारं दुसरं कोण होतं मला? चाचरत सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मेल्या, रविवारी रात्री मी तरी कुठे जेवते? एकटीसाठी कोण गॅस पेटवतो?"

तेव्हापासून रविवारी आम्ही दोघं पिठलं-भात खातो. दोघांचीही डोकी दुखायची थांबली. श्रेय अर्थात सुंठीचं. "माझा लेप जरा उशिरा लागू पडतो," असं त्या सगळ्यांना सांगतात. डोक्याच्या त्या फडक्याने आता ओटा पुसतात.

परवा जेवून उठताना त्यांनी विचारलं, "दुखतंय काय रे?" हातात सहाण होती. मी खरं ते सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि सहाण पदराने पुसून फळीवर ठेवली. थोडं दुखतंय म्हटलं असतं, तर माझं काय जात होतं?