समुपदेशन केंद्राबाहेरची गर्दी

आता मीच सांगून टाकतो. कारण कर्जतच्या बाजारात हा किस्सा सध्या चार तऱ्हांनी सांगितला जातो आणि चारही तऱ्हांत मला वेड लागलेलं आहे. तसं काही झालं नव्हतं. झालं ते त्याहून वाईट होतं. मी डोकं चालवलं होतं.

माझं फर्निचरचं दुकान. कपाटं, पलंग, दिवाण, बाकडी. कळंबकडच्या रिसॉर्टपासून लग्नाच्या रुखवतापर्यंत सगळीकडे आमचा माल जातो. शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही दोन हप्त्यांत. पण तीस वर्षं गल्ल्यावर बसून माणूस शिकतो ते कुठल्या पुस्तकात आहे? गिऱ्हाईक पायरीवर चप्पल कशी काढतं, त्यावरून ते घेणार की नुसतं बघणार हे मी सांगतो. निदान तीस वर्षं असं सांगत तरी आलो आहे.

आमच्याकडच्या एका कॉलेजच्या समितीवर मी आहे. तिथे कसा पोचलो? त्यांना बाकं हवी होती.

तर गेल्या वर्षी प्राचार्य सर बैठकीत म्हणाले, मुलं फार ताणात असतात. कोणी परीक्षेच्या भीतीने जेवण सोडतं, कोणी न सांगता कॉलेजच सोडतं. घरी बोलता येत नाही, मास्तरांशी बोलायची सोय नाही. यांच्यासाठी एक खोली हवी, एक शिकलेलं माणूस हवं. समुपदेशन केंद्र म्हणतात त्याला. मी जागच्या जागी उभा राहिलो. म्हटलं, "टेबल, खुर्च्या, कपाट, बाहेर बसायला बाकडं, सगळं माझ्याकडून." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही. पुढे म्हटलं, "आणि माणूसही माझ्याकडून!"

माणूस म्हणजे मेघना मॅडम. खोपोलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी, मानसशास्त्र शिकलेली, ठाण्यात चांगली नोकरी. त्यांच्या घरी कपाट पोचवायला गेलो होतो, तिथेच गाठली. म्हटलं, "बाई, ठाण्यात तुमच्यासारख्या पन्नास असतील. इथे एक नाही. तुम्ही या, बाकी जबाबदारी माझी."

ती नोकरी सोडून आली. माझ्या शब्दावर. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी जे काही केलं ते निदान कशासाठी केलं ते कळेल.

उद्घाटनाला मी भाषण ठोकलं. "या खोलीत कोण आलं, कोण नाही आलं, काय बोललं, हे मॅडम देवालासुद्धा सांगणार नाहीत! मी देणगीदार, मलासुद्धा नाही!" पुन्हा टाळ्या.

पण समितीत परीक्षा विभागाचे पाटील सर आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका व्हरांड्यात पडलेल्या, त्यांचा त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. पोरं आली तर आनंद आहे. नाय आली तर खोली आम्हाला द्या." प्राचार्यांनी मान डोलावली. खोली गेली म्हणजे मॅडमची नोकरी गेली. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं.

गणपती झाले आणि मी एके दिवशी सहज चक्कर मारली. बाकडं रिकामं. दोन दिवसांनी गेलो. रिकामं. सागवानी पॉलिशचं बाकडं, त्यावर एका पोराच्या पाठीची खूण नाही!

मी मॅडमना गाठलं. "किती आले?"

"काका, ते मी नाही सांगू शकत."

"नावं नकोत हो. आकडा?"

"आकडा सत्र संपल्यावर, प्राचार्यांना. पाकिटात."

मी समजायचं ते समजलो. बिचारी लाजते आहे. सीझनला माझा माल हलत नाही तेव्हा मीही शेजाऱ्याला हेच सांगतो, "सीझन संपल्यावर बघू."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रिकाम्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही. आत दोन माणसं दिसली की तिसरं येतं. मी दुकान उघडलं तेव्हा माझा मेहुणा रमेश रोज संध्याकाळी येऊन सोफ्यावर बसायचा, हात्यावर टकटक करायचा, "वा, मजबूत हाय!" म्हणायचा. पहिल्या वर्षात त्याने तोच सोफा शंभर वेळा पसंत केला असेल. दुकान चाललं की नाही?

मग केंद्र का नाही चालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी पेपर घेऊन त्या बाकड्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने दार उघडलं.

"काका? काही काम होतं?"

"नाही नाही. तुमचं चालू द्या. मी गर्दी आहे."

मॅडम माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. या शास्त्रातल्या लोकांना एक बघणं शिकवतात. आपण वजनकाट्यावर उभे आहोत असं वाटतं.

"आत येऊन बोलायचंय का?"

"मी आत आलो तर बाहेर गर्दी कोण करणार?"

त्यांनी दार लावलं. हळूच. फारच हळूच.

दोन दिवस बसलो, एक पोर फिरकलं नाही. मग लक्षात आलं, चूक माझीच. मी मजेत पेपर वाचत बसलो होतो. तसल्या माणसाला बघून कोणाला वाटेल की इथे मन मोकळं करायला येतात? बस स्टँड वाटेल! माल दाखवायचा तर नीट दाखवावा. तिसऱ्या दिवसापासून पेपर बंद. डोकं हातात धरायचं. मधूनमधून उसासा. खालच्या फरशीकडे बघत राहायचं. खोटं कशाला बोलू, जमायला लागलं.

चौथ्या दिवशी एक मुलगी आली. शेवटच्या वर्षाची असेल, बोलण्यावरून आमच्या खालच्या गावांतली. माझ्याकडे बघून थबकली, मग शेजारी बसली.

"काका, पयल्यांदाच आलाव ना?"

"अं? हो."

"मला पन पयल्यांदा लय भीती वाटलेली. कोन बघंल, काय बोलंल. पन मॅडम चांगल्या हायत. रडू आलं तर रडायचं, आतमंदी रुमालांचा डबा हाय."

"बाळ, तू जा ना आत," मी म्हटलं. पहिलं गिऱ्हाईक! मी सरकून तिला दाराकडची बाजू दिली.

ती दचकली. "नाय नाय, तुमी आधी जावा. तुमाला जास्त गरज हाय." बॅगेतून तिने एक चिक्की काढली, माझ्या हातात ठेवली, खांद्यावर थोपटलं आणि उठून निघून गेली.

आता काय म्हणावं? पायरीवर आलेलं गिऱ्हाईक गेलं! मी चिक्की खाल्ली आणि आणखी मोठा उसासा टाकला.

दुपारपर्यंत कँटीनला कळलं. संध्याकाळपर्यंत बाजाराला. मला सोडून सगळ्यांना कळलं. मला एवढंच जाणवलं की लोक एकाएकी फार गोड झालेत. एक बाई आहेत, कपाट घ्यायला आल्या की पन्नास रुपयांसाठी दोन तास उन्हात उभ्या राहतील. त्या आल्या, कपाट बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगाल तो भाव. तुमी फक्त डोक्याला तरास करून घेऊ नका." तीस वर्षांत मी कधी एवढा घाबरलो नव्हतो. समोरचा दुकानदार, ज्याने माझ्या दारात सात वर्षं मुद्दाम टेंपो लावला, तो स्वतः चहा घेऊन आला. "धंदा काय रं, आज हाय उद्या नाय. मानूस टिकला पायजे." टेंपो त्याने त्याच दिवशी काढला.

घरी तर तीन दिवस लागोपाठ माझ्या आवडीचं जेवण. बायको, सुनंदा, एका शब्दाने टोचेना. मला वाटलं, हिचंच काहीतरी बिनसलंय.

रविवारी रमेश साजगावहून आला. हातात दोन डझन मोसंबी. आमच्याकडे मोसंबी घेऊन माणूस एकाच कारणासाठी येतो.

"कोण आजारी आहे रे?"

रमेश माझ्या शेजारी बसला. फार जवळ. "भावजी, खरं सांगा. तुमी कालेजात जाता?"

"जातो."

"थितं... बाकड्यावर बसता?"

"बसतो."

"डोकं धरून?"

"धरून."

सुनंदाने पदर डोळ्यांना लावला.

"अगं, रडतेस काय! मी गर्दी करायला बसतो! रमेश, तू नव्हतास का बसत सोफ्यावर? मजबूत हाय, मजबूत हाय म्हणत?"

रमेशने बहिणीकडे बघितलं. "ताई, बघ. जुनं जुनं बोलाय लागले."

मी वरमलो नाही. साक्षीदार होता ना माझ्याकडे! सोमवारी दोघांना घेऊन सरळ केंद्रात गेलो. "मॅडम, या दोघांना स्पष्ट सांगा. मी तुमच्याकडे येत नाही."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे कोण येतं ते मी कोणालाच सांगत नाही."

"अहो, पण मी येत नाही ते सांगा!"

"कोण येत नाही तेही सांगत नाही, काका."

"मी स्वतः परवानगी देतोय!"

"आज तुमच्या परवानगीवर सांगितलं, तर उद्या एखाद्याचे वडील त्याला घेऊन येतील. दे परवानगी म्हणतील. उद्घाटनाला तुम्हीच म्हणाला होतात, देवालासुद्धा नाही."

सुनंदाने मॅडमचे दोन्ही हात हातात घेतले. "नका सांगू, बाई. मला कळलं. तुम्ही फक्त त्यांना बरं करा."

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी शहाण्याने थांबावं. पण दिवाळी महिन्यावर आली होती आणि पोरगी माझ्या शब्दावर ठाण्याची नोकरी सोडून आली होती. शिवाय बदनामी तर होऊन गेलीच होती. ती परत थोडीच घेतात? म्हटलं, निदान वापरू तरी. मी रोज बसत राहिलो. मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून रमेश कारखान्यातली पाळी संपली की, नाहीतर सरळ रजा काढून, शेजारी बसायला लागला. त्याच्यासाठी सुनंदा डबा घेऊन यायला लागली. बाकडं भरलं! साडेचार फुटी बाकड्यावर तीन माणसं, एक डबा, मोसंबी. इतकी गर्दी त्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी नसते.

विद्यार्थी एकही नाही.

दिवाळीआधी समितीची बैठक लागली. पाटील सर उत्तरपत्रिकांच्या रॅकची मापं घेऊनच आले होते. रॅकची ऑर्डर त्यांनी आठवड्यापूर्वी माझ्याच दुकानात दिली होती, आणि मी ती घेतली होती. धंदा वेगळा आणि तत्त्व वेगळं. मी मात्र मुदतवाढीचं भाषण पाठ करून गेलो होतो. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

प्राचार्यांनी पाकीट फोडलं. कागद वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

"पाटील सर," ते म्हणाले, "खोली नाही मिळायची. पहिल्या आठवड्यापासून एक तासही रिकामा नाही. मुलांना वेळ देता येत नाही म्हणून मॅडमनी जोडीला आणखी एक माणूस मागितलाय."

पाटील सरांनी मापं खिशात घातली. मी मात्र उभा. भाषण तोंडात, तोंड उघडं.

बैठक सुटल्यावर मी मॅडमना व्हरांड्यात अडवलं. "अहो, असं कसं? मी रोज दारात होतो! एक पोर आत गेलं नाही!"

"काका, वेळ फोनवर ठरते. बाकड्यावर वाट बघत बसायची वेळच कोणावर येत नाही. सुरुवातीला मुलं पुढून यायची, तुमच्या चकरेत दिसली नाहीत इतकंच. मग बाहेर तुम्ही बसायला लागलात. या कॉलेजात असा एक मुलगा दाखवा, ज्याच्या घरात तुमचं कपाट नाही आणि ज्याच्या वडिलांना तुम्ही ओळखत नाही. कोण येईल तुमच्यासमोरून?"

असं म्हणून त्या मला इमारतीच्या मागे घेऊन गेल्या. सायकल स्टँडच्या बाजूला, जास्वंदीच्या आडोशाला केंद्राच्याच खोलीचं एक लहानसं मागचं दार. त्यासमोरची माती पावलांनी अशी गुळगुळीत झालेली, की माझ्या दुकानाची पायरी तीस वर्षांत झाली नाही.

"मग मला आधीच सांगायचं होतं ना हो!" मी म्हटलं. "महिनाभर बसलो मी! बायको रडली, मेहुण्याने रजा काढल्या!"

"सांगणार होते," मॅडम म्हणाल्या. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही इथेही बाकडं टाकलं असतंत."

मी नजर भिंतीकडे वळवली. त्यांना वाटलं, मी ओशाळलो.

खरं म्हणजे तेव्हा मी त्या दाराशेजारच्या भिंतीचं नजरेनं माप घेत होतो. चार फुटी आरामात बसलं असतं.