काडेपेटी शिरत नाही

शाळेत परिपाठ सुरू होता. फोनवर मोठीमाय एवढंच म्हणाली, "बाई, गेले वं तुहे मोठेबाबा." मी हातातला खडू डबीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला... जलदान विधीला आता महिना झाला, तरी त्या माणसाबद्दल 'होते' म्हणायला जीभ वळत नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मोठीमाय त्यांची बायको. उभी हयात चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत काढली. चाळिशीतच पाठ अशी वाकली की आभाळ पाहायचं तर खाटेवर आडवं व्हावं लागे. विहारात सगळे गुडघे टेकून वंदन करत, हे उभ्यानंच हात जोडत. दोष सगळा खाणीचा. "त्या सटवीच्या पोटात शिरून शिरून वाकलो," म्हणायचे. आम्हीही ते खरं धरलं. वाकून काम करणाऱ्याची पाठ वाकणारच, त्यात डोकं काय लावायचं!

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरची गोष्ट. मी मोहाडीच्या शाळेत नुकती लागले होते आणि रोज सकाळी माझी कंबर लाकडासारखी व्हायची. आईनं मला अंथरुणात डांबलं. शेक, लेप, तेल, आणि वर "हलू नको" असा दम. जितका आराम करावा, तितकी मी आखडत गेले. मोठेबाबा निवृत्त होऊन शेजारीच राहायला आले होते. एक दिवस येऊन खाटेपाशी उभे राहिले.

"सकाळी आखडते, अन् काम केलं का सुटते?"

"हो."

"मंधातच डोळा लाल होते?"

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

त्यांचा चेहराच उतरला. "अवं माय! तू तं कधी खाणीत उतरली नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं नागपूरला गेलो. डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं, पाठीचे फोटो काढले आणि नंतर नीट बसवून समजावलं. जन्मासोबत मिळालेली प्रतिकारशक्ती जंतू दिसला की सर्वांत आधी धावते. आमच्यात ती जंतू नसतानाही पेटते आणि कण्याच्या सांध्यांना सूज आणते. सूज वर्षानुवर्षं राहिली की मणके एकमेकांना जुळून जातात. याच्या मुळाशी पिढीतून येणारा एक जनुक, पण तो असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही. माझे बाबा शेवटपर्यंत ताठ चालले, तरी तो त्यांच्याकडूनच माझ्यात आला असणार.

"म्हंजे पहारेकरीच घरच्यायले हाणून राहिले," मोठेबाबा म्हणाले. त्यांचे मणके केव्हाच जुळले होते, माझे अजून मोकळे होते. औषध आणि व्यायाम सोडला नाही तर मोकळे राहतील, असं डॉक्टर म्हणाले. "माह्यं राहू द्या जी. हिची पाठ वाकली नाही पायजे."

परतताना भर बसमध्ये ते रडले. "आमच्याच रक्तानं देल्लं पोरी तुले हे." मला असा राग आला! "मोठेबाबा, तुम्ही ओळखलं म्हणून तर कळलं. नाहीतर आईनं मला खाटेवरच वाळत घातलं असतं." तेव्हा कुठं हसले. पुढच्या आठवड्यात चिखल्याला जाऊन खाणीच्या फाटकासमोर हात जोडून आले. "उगाच शिव्या देल्ल्या बिचारीले."

मग त्यांचा रविवार सुरू झाला. त्यांच्या ओसरीतल्या भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून मी उभी राहायची. डोक्याच्या मागं फट पडली का, हे ते काडेपेटी आडवी सरकवून पाहत. त्यांच्या स्वतःच्या फटीत अशा सात मावायच्या, आणि हे लेकाचे ऐटीत सांगायचे! एकदा मी आळसानं गोळ्या आणि व्यायाम दोन्ही सोडले, तेव्हा काडेपेटी अर्धी आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एरवी मात्र स्वयंपाकघराकडं तोंड करून आरोळी ठोकत, "शिरत नाही वं! चहा मांड!" माझ्या डोक्याच्या तेलाचा त्या भिंतीवर काळा डाग पडलाय. दर वर्षी रंगाऱ्याला बजावत, "तेवढी जागा सोड."

परवा रविवारी मी त्यांच्याकडं गेले. सवयीनं भिंतीला उभी राहिले आणि मग आठवलं की आता पाहणार कोण... डोळे भरून आले. मोठीमाय चुलीपासून उठली, काडेपेटी घेऊन आली. तिनं हे कधीच केलं नव्हतं. दोनदा लावून पाहिली. मग त्यांच्या फोटोकडं वळली आणि आरोळी ठोकली, "शिरत नाही जी!"