आमच्या घरची चिक्कीबंदी

स्कूटरवर टांग टाकली की लोणावळा, आणि आमच्या घरात मात्र लोणावळ्याच्या चिक्कीला बंदी! कायदा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. थोरल्या वहिनींनी आमच्या टाकवे गावात घरीच चिक्की करून विकायला घेतली होती. पुढे गावात स्वतःचं दुकान टाकायचं, एवढीच त्यांची हौस. भायेरचा माल उंबऱ्याच्या आत आला तर सुनंचा धंदा उभा कसा ऱ्हायचा, असं आबा म्हणाले आणि विषय संपला.

मी तळेगावला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. परदेशी मालावर आयात शुल्क लावून देशी उद्योगाला संरक्षण कसं देतात, हे घसा कोरडा करून सांगायचं आणि पोरांनी जांभया द्यायच्या, असं दरवर्षीचं. त्या वर्षी घरची चिक्कीबंदी सांगितली आणि अख्खा वर्ग जागा झाला. कोवळ्या धंद्याला कुंपण हवं, हे चुटकीसरशी डोक्यात शिरलं. मी आपला आबांवर खूश.

घोडं अडलं होतं ते चिक्कीपाशी. पाक कच्चा राहायचा. मावळातली दमट हवा लागली की चिक्की सादळायची आणि दाताला चिकटून बसायची. पण आम्ही घरचे सगळे माना डोलवत झकास म्हणायचो. भावकी आबांच्या धाकाने विकतही घ्यायची. परकं गिऱ्हाईक मात्र नावं ठेवून जायचं, दुसऱ्यांदा फिरकत नव्हतं, आणि वहिनी गप्प गप्प होत चालल्या होत्या.

अशात एका विद्यार्थिनीने लोणावळ्याची चिक्की हातात ठेवली. नको कसं म्हणणार? स्कूटरच्या डिकीत दडवली, आणि घरी आल्यावर भाजीची पिशवी काढायला किल्ली दिली ती वहिनींकडेच! झालं. आता वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी अंग चोरून उभा.

वहिनींनी तुकडा मोडला. कट्‌कन आवाज आला. सावकाश खाल्ला, आणि त्यांचे डोळे भरले.

"भाऊजी, तुमी समदे माजी चिक्की लय चांगली म्हणत व्हता. मला वाटलं, गिऱ्हाईकच खोटं बोलतंय."

त्यांनी ती चिक्की तशीच नेऊन आबांच्या हातावर ठेवली. आबांनी चघळली, आणि मला म्हणाले, "उद्या लोणावळ्याला जा. हरेक दुकानाची थोडी थोडी आण. तिला चाखू दे."

त्याच संध्याकाळी पाक पुन्हा चुलीवर चढला. चव बघायला तुकडा वहिनींनी रस्त्यावरच्या अनोळखी टेम्पोवाल्याला दिला. आम्हाला कोणाला विचारलंच नाही.