मोडक्या गुडघ्याची चढाई

आमच्या मालकांचं पहिलं लग्न कबड्डीशी, दुसरं माझ्याशी. अंगावरची हळद उतरायच्या आत स्वारी सुटी मोडून पलटणीच्या संघात हजर झाली, तीही सरावासाठी. रागावून काय करता! चढाईला त्यांच्या तोडीचा गडी नव्हता. समोर सात जण पकडायला टपलेले, आणि हे कबड्डी कबड्डी म्हणत त्यांच्यात शिरायचे, दोघातिघांना शिवायचे आणि मधली रेघ गाठायचे. बघताना काळजाचं पाणी व्हायचं आणि ऊरही भरून यायचा.

मग एका अंतिम सामन्यात पकडीत गुडघा मोडला. तरीही शेवटची चढाई ह्यांनीच केली, सामना जिंकून दिला आणि पुन्हा कधी खेळले नाहीत. गावाला त्याचं कोण कौतुक! जत्रेत फेटा, शाळेत भाषण, आणि दर भाषणात तीच चढाई.

पेन्शनीवर आले आणि पाटणजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर पोरींना शिकवायला लागले. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण माणूस हाडाचा शिक्षक निघाला. नव्या पोरीला सुरुवातीला चढाई करूच देत नाहीत. दोघींनी तिचा पाय धरायचा आणि तिनं त्यांना तसंच ओढत रेघ गाठायची, रोज हेच. "जायला कुणीबी जातंय, माघारी यायला शिका," एवढंच त्यांचं म्हणणं. ह्या शिकवणीवर आमच्या पोरी कुठल्याकुठं खेळून आल्या. सरावानंतर त्या घरी आल्या की माझ्या भाकऱ्या पुरत नाहीत. मी कुरकुर करते, पण थापते.

गेल्या वर्षी सांगलीत अंतिम सामना होता. मीही गेले होते. आमची सगळ्यात तयार पोरगी एका निवृत्त सुभेदाराची लेक. राज्याच्या संघासाठी निवड करणारे समोरच बसलेले. तिथं नाव लागलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात जायची वाट मोकळी, म्हणून अख्खं घर तिच्याकडं डोळे लावून होतं.

दुसऱ्या डावात ती दोन गुण घेऊन परत आली. आम्ही टाळ्या पिटल्या. हे मात्र ताडकन उठले. पोरीनं रेघ ओलांडल्यावर डाव्या पायावर भारच दिला नव्हता, ते ह्यांनी एकट्यांनी टिपलं. तिला बाहेर बोलावून गुडघ्यावरची पट्टी सोडली, तर गुडघा टम्म सुजलेला. आदल्या सामन्यात लागलं होतं आणि तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. का सांगितलं नाहीस, म्हणून ह्यांनी विचारलं.

"सर, तुमीबी तसंच गेलावता की."

कुणी थोबाडीत द्यावी तसं ह्यांचं तोंड झालं. तिला बसवलं आणि दुसरीला पाठवलं. पोरगी रडली, पाया पडली, पण हे हलले नाहीत. आम्ही एका गुणानं हरलो.

सुभेदार प्रेक्षकांतून तरातरा खाली आले. "मोडक्या गुडघ्यावर गेला म्हणून जलमभर फेटे बांधून घेतले तुमी. आन् माझ्या पोरीची बारी आली तवा बसवलं व्हय?"

माझी जीभ काही आखूड नाही. मी तोंड उघडलंच होतं. ह्यांनी मला थांबवलं आणि सगळ्या पोरींसमोर हळू आवाजात म्हणाले, "सुभेदार, माझ्या लेकीचं कन्यादान माझ्या धाकट्या भावानं केलं. मला पाटावर मांडी घालून बसता येईना. मी मांडवाच्या दारात पावण्यांस्नी पाणी देत हुतो."

मला ते लग्न लख्ख आठवलं. खुर्ची मांडू, गुरुजींचीही ना नाही, असं मी विनवलं होतं. खुर्चीवर बसून लेक देऊ का, म्हणून हे निघून गेले, आणि जोडीदाराविना माझीही जागा गेली. त्याचा राग मी वर्षानुवर्षं धरला. माणूस मानासाठी अडून बसला, असंच मला वाटत होतं. त्या दिवशी दारात उभं राहून ह्यांना काय झालं असेल, हे मी कधी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

"चढाई सांगत सुटलो," हे पुढं म्हणाले, "ह्ये पोरीस्नी कवा सांगितलंच न्हाई. चुकलंच माझं."

सुभेदार लेकीच्या सुजलेल्या गुडघ्याशी वाकले. मग म्हणाले, "कुठल्या डाक्टरला दाखवायचं, तेवढं सांगा."

पोरीची निवड झाली नाही. पण ती यंदा पुन्हा सरावाला येते, दोन्ही पायांवर भार देऊन पळते.

सांगलीत त्या वेळी मात्र हे मान खाली घालून उभे होते. हरलेल्या पोरी, सुभेदार, पंच, सगळे बघत होते. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची आमच्याकडं पद्धत नाही. मी धरला.