मैत्रिणींच्या नावांची रेल्वे

पवनीला रेल्वे नाही. म्हणायला पवनी रोड नावाचं स्टेशन आहे, पण ते गावापासून इतकं लांब की तिथवर बसनंच जायचं, तर तीच बस पुढे धरलेली काय वाईट, असं लोक म्हणत. म्हणून मी स्वतःच एक रेल्वे काढली. दहावीची परीक्षा झाल्यावरच्या उन्हाळ्यात, वडिलांच्या कापडाच्या दुकानात ताग्यांवर गुंडाळून येणाऱ्या खाकी कागदावर. रूळ दोनच रंगांचे होते, कारण वडिलांच्या गल्ल्याजवळ पेन्सिल एकच असे, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. तिसरा रंग हवा असेल तर चुलीतला कोळसा घे, असं मला सांगण्यात आलं होतं.

स्टेशनांना मी वर्गातल्या मुलींची नावं दिली होती. ती नावं इथे लिहिणार नाही. त्या आता कोणाच्या सासवा आहेत, कोणाच्या आज्या आहेत, आणि न विचारता त्यांची नावं छापणं बरं दिसत नाही. शिवाय बहुतेकींना दोन-दोन नावं आहेत. त्यातलं कोणतं खरं, यावरूनच तर माझं डोकं फिरलं होतं.

झालं असं की पाचवीपासून माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि मग तांदळानं भरलेलं ताट समोर आलं. नवऱ्या मुलानं हातातल्या अंगठीनं तांदळात नाव लिहिलं. मी तिच्या समोर बसले होते, त्यामुळे अक्षरं मला उलटी दिसत होती. आपणच चुकीचं वाचतो आहोत असं मला वाटलं. तेवढ्यात कोणीतरी ते नाव मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले गेले, नवं नाव फार छान आहे यावर दोन्हीकडच्या बायकांचं एकमत झालं. ती मान खाली घालून बसली होती. मी पेढा खाल्ला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, त्यामुळे तो राग फुकटच गेला.

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. प्रत्येक लग्नात पाहिली होती. पण तोवर ज्यांची नावं बदलली त्या मोठ्या मुली होत्या, शेजारच्या होत्या, नात्यातल्या होत्या. हिचं नाव मी पाच वर्षं वहीच्या मागच्या पानांवर माझ्या नावाशेजारी लिहिलं होतं. घरी येऊन मी आईशी भांडले. आई म्हणाली, माझंही बदललं होतं, मी काय मेले? मग मी तिला तिचं माहेरचं नाव विचारलं. मामा तिला बाई म्हणत, आजी बाई म्हणत, त्यामुळे ते कधी कानावर पडलंच नव्हतं. तिनं सांगितलं, आणि मला काही बोलायला वाव न देता भात उतरवायला गेली.

तेव्हाच ती रेल्वे सुरू झाली. लहानपणी वडिलांबरोबर एकदा मी नागपूरच्या छोट्या गाडीत बसले होते. वाटेतली स्टेशनं म्हणजे एक खोली, एक झाड, एक बाक. पण पिवळी पाटी मात्र ऐसपैस, तिच्यावर काळ्या अक्षरात नाव. गाडीत कोणीही बसो, कोणीही उतरो, त्या पाटीवरचं नाव काही बदलत नव्हतं. मला तशा पाट्या हव्या होत्या. जिचं लग्न होईल तिच्या नावाचं एक स्टेशन काढायचं, आणि नाव लिहायचं ते शाळेच्या हजेरीतलं, असा मी नियम केला. ज्यांच्या गावाला जाऊन संध्याकाळी परत येता येई त्या लाल रुळावर. ज्यांच्याकडे मुक्काम केल्याशिवाय भागत नसे त्या निळ्यावर. वैनगंगा मात्र मी पेन्सिलीनं काढली नाही. कागदाची घडी जिथे पडली होती तीच नदी समजायची.

अकरावीचं वर्ष संपेपर्यंत रेल्वे बरीच वाढली. जिच्या डब्यातून सगळ्या वर्गाचं जेवण व्हायचं तिचं जंक्शन झालं. जी बोलायला लागली की घंटा होईपर्यंत थांबत नसे, तिच्या स्टेशनवर इंजिन पाणी भरायचं, म्हणजे गाडी निवांत उभी. रोज उशिरा येणारीच्या स्टेशनवर पाटी होती पण फलाट अजून बांधायचा होता. एकीशी माझं आठवीपासून बोलणं नव्हतं. तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी तिला स्टेशन दिलं, पण गाडी तिथे थांबत नाही असं बारीक अक्षरात लिहिलं. मग तिच्या वरातीत ती सगळ्यांना सोडून माझ्याच गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडली. आता तिथे मेलसुद्धा थांबू लागली.

मोठा भाऊ या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचा. तुझ्या रेल्वेत बसणार कोण, म्हणायचा. त्या त्या गावात जाऊन विचार, अशा नावाची बाईच तिथे कोणाला माहीत नाही. तू नसलेल्या बायकांची स्टेशनं काढते आहेस. मी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. त्याला खटकलं ते एवढंच की त्याच्या सदऱ्याला इस्त्री होईना.

पण भाऊ बरोबर होता, हे मला करडीत कळलं. बारावीच्या दिवाळीनंतर मावशीच्या गावची मंडई होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात, आणि पाव्हण्यांनी घरं भरून जातात. मावशीचं गाव करडीजवळ, आणि करडीत माझी ती बाकावरची मैत्रीण. निळ्या रुळावरचं पहिलं स्टेशन. मी मावशीच्या मागे लागून तिला करडीला घेऊन गेले. रेल्वेही घडी करून पिशवीत घेतली होती.

हातपंपावर बायका होत्या. मी मैत्रिणीचं नाव घेऊन घर विचारलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. या नावाची आपल्या गावात कोणी नाही, असं एकीनं सांगितलं. मी तिच्या सासऱ्यांचं आडनाव सांगितलं, तर त्या नावाची चार घरं निघाली. तांदळातलं नाव मला पाठ होतं, पण ते काही माझ्या तोंडून निघेना. मावशीला माझा तमाशा कळला होता की नाही कोण जाणे. तिनं सांगितलं की मुलगी पवनीची आहे.

"मंग पवनीवाली म्हना ना," पंपावरची बाई म्हणाली. "असं नाव सांगतल्यावर कसं समजन?"

मी तिथेच उभी राहिले. मी गावांना मुलींची नावं देत बसले होते, आणि इथे लोक मुलींना गावांची नावं देऊन मोकळे झाले होते. ही लाखनीवाली, ती अड्याळवाली, आणि माझी मैत्रीण पवनीवाली. जिथून उचलून आणली त्या ठिकाणाची पाटी तिच्या गळ्यात. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

घरी तिच्या सासूबाई दारात धान पाखडत होत्या. इथे तरी तिचं नाव घ्यायचंच, असा मी हट्ट धरला आणि घेतलं. त्यांनी सूप थांबवलं आणि आमच्याकडे अशी कोणी राहत नाही असं सांगितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. मागच्या अंगणातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ती धावत पुढे आली. पदर कमरेला, हात राखेनं भरलेले. मिठी मारायची तर माझी साडी खराब होईल म्हणून ती हात लांब धरून उभी राहिली.

"अजून एक डाव म्हन ना," ती म्हणाली.

मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. सासूबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

नंतर कोठीत बसून मी तिला कागद दाखवला. हात धुऊन, पुसून, तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं ती हसेल. ती एकदम कामाचं बोलायला लागली. इथून पवनीला जायला गाडी बदलावी लागते का? मी म्हटलं नाही, सरळ आहे. सकाळची आहे का? आहे. मग तिचं बोट सगळ्या रुळांवरून फिरलं, लाल, निळा, जंक्शन, आणि थांबलं.

"आन् तुहं टेशन कुठी आहे?"

माझं स्टेशन नव्हतं. गाडी मी चालवत होते ना. तिनं सरळ विचारलं, तुझी पाळी येईल तेव्हा काय लिहिशील? मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की बाकी काहीही होऊ दे, माझं नाव मी देणार नाही. आजवर इतरांसाठी चिडणं सोपं होतं. आता मला भीती वाटत होती.

बारावी झाल्यावर दोनेक वर्षांत माझं जमलं. मुलगा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कारकून, घरची शेती. पाहायला आले तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर खाणीची काळी धूळ राहिली होती, आणि ती झाकायचा त्यानं काही प्रयत्न केला नाही. मला तो आवडला. मी वडिलांना सांगितलं की तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तसं लग्न करते, फक्त नाव बदलायचं नाही, हे त्यांना आधी सांगा. वडील नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यांशी तासन्‌तास घासाघीस करू शकत, पण मुलीच्या सासरच्यांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. बोलतो, बोलतो म्हणत साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस उजाडला.

साक्षगंधाला त्यांच्याकडची बरीच माणसं आली. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर मांडवात, मध्ये उघडं दार. मला पाटावर बसवलं होतं आणि माझी होणारी जाऊ, मुलाच्या मोठ्या भावाची बायको, माझ्या कपाळाला कुंकू लावत होती. तिच्या कडेवर लेकरू होतं, तरी हात स्थिर होता. सासूबाईंनी आईला सहज सांगितलं की नाव मात्र बदलावं लागेल, कारण या नावाची मोठी सून आमच्या घरी आहेच.

मी वर पाहिलं. माझं नाव तिच्याकडे होतं. तिच्या लग्नात तांदळात लिहून तिला दिलेलं. खरं सांगते, मला त्या बाईचा राग आला, जणू तिनं ते माझ्या घरातून उचलून नेलं होतं. मी म्हटलं, नाव बदलणार नाही. मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण दार उघडं होतं. मांडवातली बोलणी थांबली. आईनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. वडील दारात येऊन नुसते उभे राहिले.

सासरे रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले की पोरी, एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, एकीला हाक मारली तर दोघी येतील. बोलणं खरंच होतं. आता लग्न मोडेल किंवा नाव जाईल, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जावेनं कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"तिचं तिले राहू द्या," ती दाराकडे बघून म्हणाली. "मले माहं वापस द्या."

मग सासऱ्यांनी विचारलं, तुझं कोणतं? त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. सासूबाईही आठवून पाहत होत्या. तिच्या नवऱ्यानं हातातल्या सुपारीकडे पाहिलं. तिनं नाव सांगितलं. सासऱ्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी कानाला हात लावला. दुसऱ्यांदा तिनं ते इतकं स्पष्ट सांगितलं की मांडवाच्या टोकाला पुऱ्या तळणारा वळून पाहायला लागला.

चांगलं आहे की, सासरे म्हणाले, काहून बदललं होतं मग? तुम्हीच बदललं होतं, सासूबाई म्हणाल्या. मांडवात कोणीतरी हसलं, आणि साक्षगंध पुढे सुरू झालं. माझ्या नावाबद्दल वेगळं कोणी काही ठरवलंच नाही. ते आपोआप राहिलं.

संध्याकाळी ती मंडळी निघायच्या तयारीत होती. जाऊ माझ्याजवळ बसून लेकराला दूध पाजत होती. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंनी माझ्या नावानं हाक मारली. सवयीनंच. आम्ही दोघींनी एकदम मान वर केली.

"जा, तुले बलावून राहिले," जाऊ मला म्हणाली.

मी उठले नाही. तीही उठली नाही. लेकराच्या तोंडावरून पदर सारखा करत बसून राहिली. बाहेरून दुसरी हाक आली, तीच. मग सासूबाईंनी अडखळत, अर्ध्यावर थांबून, ते दुसरं, जावेचं माहेरचं नाव घेतलं.

तेव्हा तिनं ओ दिली.