पुसलेली सरस्वती

एकोणीसशे छप्पनच्या दसऱ्याला सकाळी, घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या बालवाडीत, चार वर्षांच्या एका मुलाने पाटीवरची सरस्वती ओल्या फडक्याने पुसली. पूजा अजून व्हायची होती. मुलाचे नाव अरुण. तो चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष नाना यांचा नातू. बालवाडीच्या बाई तेव्हा त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी त्याला अडवले नाही.

बाई मुलांना सहसा अडवत नसत, मोठ्यांना अडवत. मूल चपलेच्या पट्ट्याशी झटत असले आणि आईने वाकून हात पुढे केला, की मागून आवाज येई, "थांबा." आवाज चढलेला नसे, पण हात जागच्या जागी राही. म्हणून चाळीत त्यांना थांबाबाई म्हणत. मुले त्यांना ताई म्हणत. स्वतः त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. हळदीकुंकवालासुद्धा त्या तशाच उभ्या असत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो. कामाला दुपारी जायचे असल्यामुळे पुतणी शोभा हिला सकाळी बालवाडीत पोचवणे माझ्याकडे होते. खोली तळमजल्यावर होती, कमिटीने दिलेली, पूर्वी कोळसा ठेवायची. बाईंनी ती दोनदा चुन्याने रंगवून घेतली होती. खुंट्या मुलांच्या खांद्याच्या उंचीवर ठोकल्या होत्या. सुतार म्हणाला होता, "बाई, इथे माणसाने काय अडकवायचं?" बाई म्हणाल्या, "माणसंच अडकवणार आहेत." दांडा कापलेले केरसुणीचे लहान झाडू, करवंट्या, गहू, चिंचोके, पितळेच्या लोट्या आणि पेले, एवढे त्यांचे साहित्य. ज्याला जे हवे ते त्याने उचलायचे, हवा तितका वेळ करायचे आणि परत जागेवर ठेवायचे.

माझ्या वहिनीला हे पटत नसे. एकदा शोभा लोटीतून पेल्यात पाणी ओतत होती. पाणी जमिनीवर सांडले. वहिनी फडके घेऊन धावली.

"थांबा."

"अहो, पोरगी भिजली ना!"

"भिजू द्या. तिला कळलंय. बघा तिच्याकडे."

शोभाने आधी पाण्याकडे पाहिले, मग खुंटीकडे. तिने फडके आणले, पाणी पुसले, फडके मोरीत पिळले आणि पुन्हा लोटी उचलली. या वेळी तिने ती दोन्ही हातांनी धरली. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "काय बाई आहे गं ही! नुसती खांबासारखी उभी." त्या रात्री शोभाने जेवताना पाण्याचा तांब्या कोणाला उचलू दिला नाही.

"आपण हात पुढे केला की मुलाचा हात मागे जातो," असे बाई म्हणत. याला एकच अपवाद मी पाहिला. संक्रांतीच्या आधी तिळगुळासाठी शेगडी पेटवली होती आणि एका मुलीच्या फ्रॉकची झालर तिच्याजवळ गेली. बाईंनी मुलीला उचलून खोलीबाहेर ठेवले, तेव्हा आम्ही बाकीचे अजून बघतच होतो. वहिनीने विचारले, "आता नाही थांबलात?" बाई म्हणाल्या, "भाजून शिकायला मी त्यांना इथे बोलावत नाही."

पाटी हा मात्र वादाचा विषय होता. वर्ष होत आले तरी मुलांना ग म भ न येत नव्हते. शेजारच्या चाळीतली मुले शंभरापर्यंत आकडे म्हणत. आमची मुले चिंचोक्यांचे ढीग करत. नाना पोस्टातून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखे. ते म्हणत, "खेळायला अंगण आहे की. खोली कशाला?" अरुणला ते स्वतः आंघोळ घालत, भरवत, त्याच्या सदऱ्याची बटणे लावत. मुलगा आणि सून दोघे नोकरीला जात.

दसऱ्याला पाटीपूजन होते. एकाचे आकडे जोडून काढायची ती सरस्वती प्रत्येकाच्या पाटीवर घरूनच काढून आली होती. कुणाच्या वडिलांनी काढली होती, कुणाच्या काकांनी. शोभाची मी काढली होती. नानांनी अरुणच्या पाटीवर काढलेली सर्वांत सुबक होती, छापल्यासारखी.

बाई पाट्या बघत आल्या. अरुणला म्हणाल्या, "छान आहे. कुणी काढली?"

"नानांनी."

बाई शेजारच्या पाटीकडे वळल्या. अरुण थोडा वेळ पाटीकडे बघत राहिला. मग खुंटीवरचे फडके ओले करून आणले आणि पाटी पुसली. नंतर तो पालथा पडून काढू लागला. रेघा तिरक्या होत्या, काही एकमेकींवर चढल्या होत्या. फुले वाहायला नाना दारात आले तेव्हा तो निम्म्यावर होता.

"सरस्वती पुसली? दसऱ्याच्या दिवशी?" नाना बाईंना म्हणाले. "आणि तुम्ही बघत राहिलात?"

"हो."

दिवाळीनंतरच्या रविवारी कमिटी बसली. अरुणने सरस्वतीच्या तसबिरीपुढे नाक घासून चूक कबूल करावी, बाईंनी सोमवारपासून पाटी सुरू करावी, म्हणजे खोली राहील, असे ठरले. बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "तुमचं मन दुखलं, त्याची माफी मी मागते. आत्ता मागते." त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला. "पण अरुणकडून नाक घासून घेणार नाही. त्याने देवी पुसली नाही. स्वतःची काढायला जागा केली."

वहिनी मागून कुजबुजली, "म्हणा ना चुकला म्हणून! पोराला काय कळतंय?"

बाई मागे वळल्या. "त्याला कळतंय, म्हणून तर."

खोली गेली.

सामान न्यायला हातगाडी आली त्या सकाळी बाईंनी मोठ्यांपैकी कुणाला हात लावू दिला नाही. मुलांनी एकेक वस्तू बाहेर नेली. गाडीवाला कंटाळून म्हणाला, "ओ बाई, मी एका खेपेत टाकतो की सगळं." बाईंनी त्याला चहा पाजला. वहिनी दारात उभी होती, हात पदराखाली धरून. अरुणकडे चिंचोक्यांची टोपली होती. ती अंगणात उलटी झाली. नाना जिना उतरून आले आणि शेवटच्या पायरीवर उभे राहिले. अरुण उकिडवा बसून चिंचोके वेचत होता. नाना कठड्याला धरून होते. टोपली पुन्हा भरून गाडीवर जाईपर्यंत ते पायरीवरून खाली आले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये विक्रोळीला, कारखान्याच्या वसाहतीतल्या एका पडवीत बाईंनी बालवाडी पुन्हा सुरू केली. शोभा तोवर शाळेत जाऊ लागली होती. आमच्या चाळीतून विक्रोळीला एकटा अरुण जाई. त्याला रोज सकाळी नाना बसने घेऊन जात.